मरळीला सुतळीएवढी दोरी? छे!

‘मोठी मरळ धरायची तर दोरी जाडच हवी,’ हे गिरणाकाठी मासे धरताना लहानपणापासून ऐकतोय. खरं नाही. ताकद नुसत्या जाडीवर नसते, बनावटीवरही असते. तंगूस, म्हणजे एकाच धाग्याची नायलॉनची दोरी, ताणतो; तेवढ्याच ताकदीची विणलेली दोरी कितीतरी बारीक, आणि जवळपास ताणतच नाही. त्यामुळे पाणवनस्पतीत घुसलेली मरळ झटकन बाहेर ओढता येते. दगडावर घासली की मात्र हीच दोरी पटकन तुटते, म्हणून गळाजवळ हातभर जाड तंगूस बांधायचा.

मरळ हवा घ्यायला वर येते. पाणी हललं, की जरा पुढे रबरी बेडूक टाकायचा. तिनं झडप घातली की लगेच हिसका नको. बेडूक तोंडात नीट जाऊ द्यायचा. मीही घाईत कितीदा नुसता बेडूकच परत ओढलाय!