माळावरची माती, प्रवाळांच्या माथी

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभित्तीला १९७५ पासून सागरी उद्यानाच्या कायद्याचं संरक्षण आहे. २००४ पासून उद्यानाच्या सुमारे एक तृतीयांश भागात मासेमारीला पूर्ण बंदी आहे. कायदा होड्या अडवतो. नदीला कोण अडवणार?

बर्डेकिन ही त्या किनाऱ्यावरची मोठी नदी. १८६० च्या दशकात तिच्या खोऱ्यात युरोपीय वसाहतवाले मेंढ्या-गुरं घेऊन शिरले. चराईने गवत खुरटलं, जमीन उघडी पडली, पावसाने घळी पाडल्या आणि माती पुरासोबत समुद्रात जाऊ लागली.

याचा पुरावा खुद्द प्रवाळात सापडला. पोराइट्स प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं आणि त्याच्या सांगाड्यात, झाडाच्या खोडात असतात तशी, वर्षागणिक वलयं उमटतात. नदीच्या गाळाला बेरियम चिकटलेलं असतं. खारं पाणी लागलं की ते सुटतं आणि चुन्याचा सांगाडा घडताना कॅल्शियमच्या जागी थोडंथोडं जाऊन बसतं. शास्त्रज्ञ मॅल्कम मॅककलक आणि सहकाऱ्यांनी ग्रेट बॅरिअर रीफमधल्याच हॅवाना रीफवरच्या प्रवाळाचा गाभा काढून त्यातलं बेरियम मोजलं. नोंद थेट १७५० च्या सुमारापर्यंत मागे गेली. साधारण १८७० पर्यंत पूर आले तरी गाळ प्रवाळांपर्यंत क्वचितच पोचत होता. पुढे तो पाच ते दहा पटींनी वाढला. हा निष्कर्ष २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. फिर्यादी आणि साक्षीदार एकच, असा हा खटला!

प्रवाळाचं बरंचसं पोट त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालावर चालतं आणि शैवालाला ऊन हवं. गढूळ पाण्यात ते मिळत नाही. अंगावर बसलेला गाळ झटकायला प्रवाळ चिकट स्राव सोडतं, त्यात शक्ती खर्च होते. प्रवाळाच्या अळ्यांना रुजायला कठीण पृष्ठभाग लागतो. गाळाच्या थरावर त्या टिकत नाहीत. बारीक कण तर वारा सुटला की तळातून पुन्हा वर येतात, म्हणजे पूर ओसरला तरी त्रास संपत नाही.

उसाच्या शेतांतलं नत्र वेगळंच. त्यावर पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पती-प्लवक माजतात आणि प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशांच्या अळ्यांची चंगळ होते, असं बरेच अभ्यासक मानतात.

गाळ थांबला म्हणून तापलेला समुद्र थंड होणार नाही, हे खरंच. पण उष्णतेने पांढऱ्या पडलेल्या प्रवाळाला सावरायचं तर निदान पाणी नितळ हवं. म्हणून रीफ वाचवण्याच्या निधीतला काही पैसा आता समुद्रापासून दूर, बर्डेकिनच्या खोऱ्यात खर्च होतो: घळींचे कडे उतरते करायला, त्यांवर गवत लावायला आणि गुरं तिकडे फिरकू नयेत म्हणून तारेचं कुंपण घालायला.