चामड्यामागचा हात

आयर्लंडमधल्या पबांमध्ये संध्याकाळी फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, ॲकॉर्डियन घेऊन मंडळी गोल करून बसतात. या बैठकीला ते सेशन म्हणतात. त्यात बहुधा एकाच्या मांडीवर बौरान उभं धरलेलं असतं. १४ ते १८ इंच व्यासाचं लाकडी कडं, एका बाजूला ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं, दुसरी बाजू उघडी. आपल्या डफ-हलगीच्याच कुळातलं वाद्य. उजव्या हातात टिपर नावाची छोटी काठी असते आणि बघणाऱ्याचं सगळं लक्ष तिच्याकडे जातं. नवशिक्याचंही तिकडेच जातं, आणि तिथेच फसगत होते. बौरानचा आवाज घडवतो तो कड्याच्या आत शिरलेला, कोणालाही न दिसणारा डावा हात.

याचं कारण ताणलेल्या पडद्याच्या भौतिकशास्त्रात आहे. तार छेडली की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर उमटतात. हे पूर्ण पटीतले स्वर कानाला एकजीव वाटतात. गोल पडद्याचं तसं नाही. त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट अशा अडनिड्या प्रमाणात येतात. त्यांचा मेळ बसत नाही, म्हणून साध्या डफाचा आवाज घुमतो, पण त्याचा नेमका सूर सांगता येत नाही.

आपल्याकडच्या कारागिरांनी यावर शाईचा उपाय काढला. तबल्याच्या आणि मृदंगाच्या पुडीवर मधोमध शाईचा काळा लेप देऊन वजन वाढवलं की उपस्वर सरकून जवळजवळ पूर्ण पटीत येतात. सी. व्ही. रामन आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडलं. बौरानला शाई नाही. तिथे सुराचं काम वाजवतानाच, दर आघाताला, माणसाच्या तळव्याला करावं लागतं.

तळवा कातड्याला आतून टेकला की त्या जागी कातडं हलू शकत नाही. ज्या कंपनांना नेमकी तिथेच जोरात हालचाल हवी असते ती विझतात आणि घुमारा आटोक्यात येतो. हात तसाच दाबत वर सरकवला तर कंप पावायला मोकळी असलेली जागा लहान होते, शिवाय ताणही थोडा वाढतो. दोन्हींमुळे सूर चढतो. इथे एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे: निव्वळ ताणाच्या जोरावर कंपनसंख्या दुप्पट करायची तर ताण चौपट लागतो. म्हणून दाबत बसण्यापेक्षा सरकणारा हात फार स्वस्तात काम करतो. काठी कुठे पडते यानेही फरक पडतो. काही कंपनांमध्ये कातड्याची स्थिर राहणारी रेषा बरोबर मध्यातून जाते, त्यामुळे मध्यावर मारलेल्या काठीने ती जागीच होत नाहीत. तिथला आवाज खोल आणि ठोस. कडेकडे सरकलं की तो तीक्ष्ण होत जातो. हल्लीचे बरेच वादक वरच्या कडेजवळ वाजवतात आणि खाली डावा हात फिरवत राहतात. त्यातून चक्क चालीला साथ देणारी खर्जाची ओळ निघते. नको ते उपस्वर मारायला कातड्याच्या कडेला काळी इन्सुलेशन टेप चिकटवण्याची पद्धतही सर्रास आहे. दिसायला ओबडधोबड, पण कामाची.

आता उजवा हात. रील हा नाचाचा प्रकार मिनिटाला ११० ठोक्यांच्या लयीत चालला आणि प्रत्येक ठोक्यात चार आघात धरले, तर सेकंदाला सात आघात होतात. नुसतं वरून खाली मारत राहिलं तर मनगट लगेच थकेल. म्हणून कोपरापुढचा हात स्वतःच्या अक्षाभोवती फिरवतात आणि काठी खाली जाताना एकदा, वर येताना एकदा लागते. मग सेकंदाला साडेतीन-चार फेऱ्यांत भागतं. यासाठी पकड सैल लागते. मूठ आवळली की फिरणं थांबतं.

रीलच्या एका आवर्तनात आठ आघात आणि जोर नेहमी खाली जाणाऱ्या काठीवर, त्यामुळे ती लवकर हाती येते. जिग हा नाचाचा दुसरा प्रकार मात्र शिकणाऱ्याला घाम फोडतो. त्यात दादऱ्यासारखे तीन-तीनचे दोन गट. खाली-वर-खाली, वर-खाली-वर असं आलटून पालटून वाजवलं की पहिला जोर खालच्या आघातावर येतो, पण दुसरा वर जाणाऱ्या काठीवर. तो आघात मुळात कमजोर असतो. काही जण दुसरा गटही खाली जाणाऱ्या आघातानेच सुरू करून सुटका करून घेतात. वेगात मात्र ती जादा फेरी नडते. संथ लयीत वरचा आघात वेगळा घोटण्याला पर्याय नाही.

हवामानाचं वेगळंच. कातड्यातलं कोलॅजेन हे प्रथिन ओलावा शोषतं आणि सैल पडतं. हलगीवाले वाजवण्याआधी हलगी शेकतात. बौरानवाल्यांना कोरड्या, गरम खोलीत उलट करावं लागतं, आतून पाण्याचा हात फिरवावा लागतो. नव्या वाद्यांना ताण बदलायचे स्क्रू असतात.

आणखी एक गोष्ट. ठरावीक ठोक्याबरोबर बोट आपटायला सांगितलं की बहुतेक माणसं ठोक्याच्या काही मिलिसेकंद आधीच आपटतात. मेंदू ठोका ऐकून हलत नाही, तो अंदाज बांधून निघतो. प्रत्येकाचा अंदाज थोडा वेगळा, त्यामुळे दोन बौरानं एकत्र वाजली की आघात फाटतात. सेशनमध्ये म्हणूनच एका वेळी एकाने वाजवायचं, दुसऱ्याने वाद्य मांडीवर आडवं ठेवून पुढच्या चालीची वाट बघायची, असा रिवाज आहे. फिडलवाले तो मोडू देत नाहीत.