मणीकामाचा पश्मिना-रेशीम स्टोल

शेळीची तलम अंतर्लोकर (पश्मिना, जागतिक व्यापारात कॅशमिअर) आणि रेशीम हातमागावर एकत्र विणून, त्यावर सुईने किंवा आरीने (आकडेदार टोकाच्या सुईने) मणी, कटदाणा (कापलेल्या काचेच्या बारीक नळ्या), टिकल्या भरलेले खांद्यावरून घ्यायचे वस्त्र. शालीपेक्षा अरुंद. बहुतेक स्टोल सुमारे ७० सेंमी रुंद आणि २ मीटर लांब असतात.

जगातील बहुतांश कॅशमिअर चीन आणि मंगोलियातून येते. भारतातील ही लोकर मुख्यतः लडाखच्या चांगथांग पठारावरची. ४,००० मीटरहून अधिक उंचीवरच्या या पठारावर चांगपा पशुपालक चांगथांगी शेळ्या पाळतात. कडाक्याच्या हिवाळ्यात त्यांच्या भरड केसांखाली मऊ लोकरीचा थर धरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आपसूक सुटू लागतो. तेव्हा तो फणीने विंचरून काढतात. तंतूची जाडी १२ ते १५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी. एका शेळीची वर्षाची कच्ची लोकर २०० ते २५० ग्रॅम भरते. भरड केस निवडून काढल्यावर त्यातली निम्मी किंवा त्याहून कमी उरते. शुद्ध पश्मिन्याच्या एका शालीला दोन-तीन शेळ्यांची लोकर लागते. रेशमाची जोड दिली की हा हिशेब आवाक्यात येतो, हे मिश्रणामागचे सरळ व्यापारी कारण.

दुसरे कारण मागावरचे आहे आणि ते जास्त महत्त्वाचे. पश्मिन्याचे तंतू जेमतेम काही सेंटिमीटर लांबीचे. काश्मिरात स्त्रिया ते तांदळाच्या पिठात घोळवून साफ करतात आणि यिंदर या चरख्यावर काततात. असे सूत बाण्यात (आडव्या धाग्यांत) सुखाने बसते. ताण्यात (मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांत) मात्र त्याला सतत ताण सोसावा लागतो आणि प्रत्येक ठोक्याला मागाच्या फणीचे घर्षण. म्हणून शुद्ध पश्मिना विणताना ताण्याला तांदळाची खळ देतात आणि तरीही धागे तुटतात. रेशमाच्या एका कोशातून कित्येकशे मीटर अखंड तंतू निघतो, त्यामुळे रेशमाचा ताणा आणि पश्मिन्याचा बाणा ही जोडी विणकराला सोयीची ठरते. यंत्रमागावर पश्मिना चालवण्यासाठी सुतात नायलॉन मिसळून विणल्यानंतर तो आम्लात विरघळवण्याची युक्ती वापरली जाते. त्यात लोकरही कमजोर होते. त्या मानाने रेशीम हा उजळ माथ्याचा तोडगा आहे. विणकाम साधे असते किंवा चश्म-ए-बुलबुल या बारीक चौकटीच्या नक्षीचे. दोन्ही तंतू प्रथिनांचे असल्याने एकाच प्रकारचे रंग दोघांना चढतात, पण चकाकी सारखी येत नाही. प्रकाशात कापड हलवले की रेशमाचे धागे वेगळे उठून दिसतात.

मणीकामात या वस्त्राची खरी परीक्षा होते, कारण काच आणि पश्मिना यांचे स्वभाव जुळत नाहीत. अख्खा स्टोल १०० ते १५० ग्रॅमचा. ११ नंबरचा काचमणी सुमारे २ मिमीचा (नंबर वाढतो तसा मणी बारीक होतो) आणि एका ग्रॅममध्ये असे शंभरेक मणी बसतात. पाच हजार मणी टाकले की कापडावर ५० ग्रॅमच्या आसपास भार चढतो. हा भार मध्यभागी पडला तर विणकाम ओघळते, मानेशी काच टोचते, केस अडकतात. म्हणून जाणता कारागीर मणी दोन्ही टोकांकडे, दशांच्या (टोकांच्या सुट्या धाग्यांच्या) वर ठेवतो. तिथे वजनाचा उपयोगच होतो: टोके खाली नीट पडतात, स्टोल खांद्यावरून घसरत नाही. मधला भाग रिकामा किंवा तुरळक बुट्ट्यांचा ठेवणे हा कंजूषपणा नव्हे.

कापड अड्ड्यावर (भरतकामाच्या लाकडी चौकटीवर) ताणून बसवतात, पण जरा जास्त ताणले तर सोडल्यावर ते आखडते आणि मण्यांच्या ओळींभोवती चुण्या पडतात. आरीने काम झपाट्याने होते. तिचा टाका मात्र साखळीचा, एका टोकाला तुटला की ओढल्यासरशी ओळच्या ओळ उसवते. सुईने एकेक मणी मागे टाका घेत शिवणे आणि थोड्या-थोड्या मण्यांनंतर गाठ मारणे संथ, पण टिकाऊ. कटदाण्याची कड धारदार असल्याने तिथे दोरा दुहेरी घ्यावा लागतो. ब्लाऊजला अस्तर लावून मागची बाजू झाकता येते; स्टोलला उलटी बाजू अशी नसतेच, दोन्ही अंगे दिसतात. त्यामुळे मागे लोंबते दोरे आणि जाड गाठी चालत नाहीत. कामाचा दर्जा पाहायचा तर स्टोल आधी उलटून पाहावा.

काश्मिरी शालींची प्रस्थापित कामे म्हणजे विणतानाच नक्षी उतरवणारे कानी, सुईचे सोझनी आणि जरतारी तिल्ला. मणीकाम त्या परंपरेतले नाही. ते अड्ड्यावरच्या जरदोजी-आरीच्या कामाशी जवळचे. ‘काश्मीर पश्मिना’ला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या अटी शुद्ध पश्मिना, १६ मायक्रॉनपर्यंतचा तंतू, हातकताई आणि हातविणाई अशा आहेत. रेशीम मिसळलेला स्टोल त्यात बसत नाही. विक्रेत्याने मिश्रणाचे प्रमाण सांगितले तर त्यात कमीपणा काही नाही. व्हिस्कोसवर (लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्यावर) ‘पश्मिना’चे लेबल लावणे ही निराळी गोष्ट. सुटा धागा जाळल्यावर कागदाचा वास आला तर व्हिस्कोस, केसाचा आला तर लोकर किंवा रेशीम. त्या दोहोंतला फरक सूक्ष्मदर्शकाखाली कळतो: लोकरीवर खवले असतात, रेशीम गुळगुळीत दिसते.

ड्रायक्लीनिंगच्या द्रावणांनी काही मण्यांचा मुलामा निघतो आणि प्लास्टिकचे मणी विरघळूही शकतात, म्हणून धुण्यापूर्वी मणी कशाचे आहेत हे पाहावे लागते. इस्त्री मंद आचेवर, उलट्या बाजूने, मण्यांचा भाग टाळून करतात. टांगून ठेवल्यास काचेच्या भाराने विण ताणली जाते. मलमलीचा कपडा मध्ये घालून सैल गुंडाळी करणे बरे. कसरीपासून जपावे लागते ते मुख्यतः पश्मिन्याला.