ड्रम की ट्रॅक्शन? आधी दोराचं टोक शोधा

जुन्या लिफ्टचं वेड असलेल्या माणसाला मशीन रूमचं दार उघडून मिळणं म्हणजे सणच. गच्चीवरची ती बुटकी खोली, पिवळा बल्ब, तेलाचा आणि तापलेल्या तांब्याचा वास, भिंतीवरच्या पॅनलमधले कॉन्टॅक्टर खट्टकन बसतात तो आवाज. मध्ये लोखंडी चौकटीवर मशीन. एका टोकाला मोटर, मग ब्रेक, मग वर्म गिअरची पेटी, आणि पेटीच्या बाहेर खाचा पाडलेलं मोठं चाक. त्यावरून पोलादी दोर जमिनीतल्या भोकांतून खाली उतरलेले. हे पाहिल्याबरोबर निम्मी मंडळी म्हणतात, "वा, ड्रम मशीन!"

मुंबईत तरी हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. फोर्ट, गिरगाव, मरीन ड्राइव्ह इथल्या जाळीच्या दरवाजाच्या ज्या लिफ्टची मशीन मला पाहायला मिळाली, ती सगळी ट्रॅक्शनची होती. गल्लत होणं साहजिक आहे, कारण लांबून दोन्ही यंत्रं सारखीच दिसतात. दोन्हीकडे मोटर, ब्रेक, वर्म गिअर, दोर आणि खाचा आहेतच. फरक एकाच प्रश्नात आहे: दोराचं दुसरं टोक कुठे आहे?

ड्रम मशीनमध्ये दोराचं एक टोक केबिनला आणि दुसरं खुद्द ड्रमला पक्कं बांधलेलं असतं. ड्रमच्या अंगाला भोक असतं, दोर त्यातून आत जातो आणि आत क्लॅम्पने आवळलेला असतो. ड्रम फिरला की दोर त्यावर गुंडाळला जातो, केबिन वर येते. उलटा फिरला की दोर सुटतो, केबिन खाली जाते.

ट्रॅक्शन मशीनमध्ये दोर चाकाला कुठेच बांधलेला नसतो. एक टोक केबिनला, दुसरं काउंटरवेटला, म्हणजे केबिनचा तोल साधायला पलीकडे टांगलेल्या वजनाला, आणि मधला भाग चाकावर नुसता टेकलेला. या चाकाला शीव्ह म्हणतात. आपले मिस्त्री सरळ पुली म्हणतात. चाक फिरतं आणि खाचेतल्या घर्षणामुळे दोर सोबत ओढला जातो. एवढंच.

विहिरीवर आपण दोन्ही प्रकार पाहिलेले आहेत. आडव्या लाकडी रुळाला दांडा लावून फिरवायचं आणि दोर रुळावर गुंडाळत पोहरा वर आणायचा, हा ड्रम. कप्पीवरून टाकलेल्या दोराला दोन टोकांना दोन पोहरे, भरलेला वर येतो तेव्हा रिकामा खाली जातो, ही ट्रॅक्शनची मांडणी. विहिरीवर दोर हाताने ओढतात, लिफ्टमध्ये ते काम कप्पीच करते.

पण न बांधलेला दोर आठ-दहा माणसं उचलतो कसा? मांडव्याच्या धक्क्याला लाँच लागताना बघा. खलाशी जाडजूड दोराचे खुंटाला दोन वेढे घेतो आणि मोकळं टोक हातात धरून उभा राहतो. एवढी मोठी लाँच एका माणसाच्या हाताला बधते. वेढे जितके जास्त, तितकी पकड जास्त. मात्र मोकळ्या टोकाला ओढ हवीच. हात सोडला तर वेढे तसेच असतात, पण पकड जाते. लिफ्टमध्ये खलाशाच्या हाताची जागा काउंटरवेट घेतं. त्याचं वजन साधारणपणे रिकामी केबिन अधिक क्षमतेच्या ४० ते ५० टक्के इतकं ठेवतात. केबिनमध्ये ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ अशी पाटी आपण वाचलेली असते. केबिन ८०० किलोची धरली तर पलीकडे एक हजार किलोच्या आसपास वजन टांगलेलं असतं. म्हणून रिकामी लिफ्ट खाली जाताना मोटर जास्त घुमते. आपल्याला वाटतं खाली जाणं सोपं. प्रत्यक्षात मोटर त्या वेळी काउंटरवेट वर ओढत असते.

वयाने ड्रम मोठा. वाफेवर आणि नंतर विजेवर चालणाऱ्या सुरुवातीच्या बऱ्याच लिफ्ट ड्रमच्याच होत्या. एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये उंचावरच्या फळीवर उभं राहून दोर कापायला लावला, ती गोष्ट वेडी मंडळी भक्तिभावाने सांगतात. मीही सांगतो. पण तो शोध दोर तुटल्यावर फळी अडवून धरण्याचा होता. फळी उचलायची कशी, हा प्रश्न वेगळाच होता.

ड्रम मागे पडला तो उंचीमुळे. याचा हिशोब कागदावर करून बघण्यासारखा आहे. एक मीटर व्यासाचा ड्रम धरा. त्याचा घेर ३.१४ मीटर. लिफ्टचा प्रवास ३० मीटर असेल तर एका दोराचे साडेनऊ वेढे. दोन दोर असतील तर १९ खाचा. ठीक आहे, मावतं. आता प्रवास २०० मीटर करा आणि दोर चार घ्या. एका दोराचे ६४ वेढे, चारांच्या मिळून २५० च्या वर खाचा. दर खाचेला दीड सेंटिमीटर धरलं तरी ड्रम पावणेचार मीटर लांब होतो. ड्रमलाही काउंटरवेट असतं; त्याच्या दोरांचा विचार तर यात अजून केलेलाच नाही. एवढं धूड इमारतीच्या डोक्यावर बसवायचं कुठे? शीव्हला ही अडचण नाही. दोर ३० मीटर असो की २००, चाकाला खाचा तेवढ्याच लागतात, कारण दोर साठवायचाच नसतो, नुसता पलीकडे जाऊ द्यायचा असतो.

हेच कोडं खाणवाल्यांनी आधी सोडवलं होतं. जर्मनीत क्रुप कंपनीच्या कोळसा खाणींवर काम करणाऱ्या फ्रीडरिश कोएपे यांनी १८७७ मध्ये घर्षणावर चालणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं. खोल खाणींसाठी ड्रम अवाढव्य होत चालले होते. लिफ्टमध्ये ओटिस कंपनीने १९०३ मध्ये गिअर नसलेलं विजेचं ट्रॅक्शन मशीन आणलं. दहा वर्षांनी, १९१३ मध्ये, न्यूयॉर्कची २४१ मीटर उंच वूलवर्थ बिल्डिंग उभी राहिली ती याच पद्धतीच्या लिफ्टच्या भरवशावर. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती १९३० आणि ४० च्या दशकांत बांधल्या गेल्या, तोवर ट्रॅक्शन सगळीकडे रुळलेलं होतं. आपल्याकडे ड्रम सापडणं अवघड का, याचं उत्तर या तारखांत आहे.

उंचीपेक्षाही मला जास्त भावतो तो दुसरा फरक. घसरणारा दोर ऐकायला घाबरवणारा वाटतो, आणि बांधलेला दोर म्हणजे भरवशाचा, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलट आहे. समजा, वरच्या मजल्यावर थांबायची कळ बिघडली आणि मोटर फिरतच राहिली. ड्रमला दोर बांधलेला, त्यामुळे तो ओढतच राहणार. केबिन छताच्या तुळयांना भिडेल, दोर मुळातून उपटला जाईल. खाली जातानाही तसंच. केबिन मध्येच अडकली तर ड्रम दोर सोडतच राहतो, दोर सैल पडून वेटोळी होतात, आणि अडकलेली केबिन सुटली की तेवढ्या दोराच्या लांबीइतकी थेट खाली. म्हणून ड्रम मशीनला दोर सैल पडल्याबरोबर वीज तोडणारी वेगळी कळ लावावी लागते. केबिन तळाला टेकली तरी ड्रमवर एखाद-दोन वेढे शिल्लक राहतील, हेही बघावं लागतं, म्हणजे सगळा भार क्लॅम्पवर येत नाही.

ट्रॅक्शनमध्ये केबिन प्रमाणाबाहेर वर जायला लागली की पलीकडे काउंटरवेट लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यातल्या बफरवर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या टेकूवर, टेकतं. टेकल्याबरोबर त्या बाजूची ओढ संपते. खलाशाने हात सोडला, असंच म्हणा. पकड जाते, शीव्ह दोराखाली नुसता फिरत राहतो आणि केबिन आहे तिथेच थांबते. ही सोय कुणी वेगळी बसवलेली नाही, ती मांडणीतच आहे. यंत्राच्या कमजोरीतून असं संरक्षण निघालेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे.

अर्थात ही पकड जपावी लागते. एका सोसायटीत दोर करकरतात म्हणून कुणीतरी त्यांना सढळ हाताने ग्रीस फासलं. दुसऱ्या दिवसापासून लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली-वर थांबू लागली. मिस्त्रींनी दोर रॉकेलच्या फडक्याने पुसून काढले, तेव्हा ती ताळ्यावर आली.

त्याच मिस्त्रींनी मला दोर सरकतो म्हणजे काय, ते डोळ्यांनी दाखवलं. लिफ्ट चौथ्या मजल्यावर उभी केली, मेन स्विच पाडला, आणि खडूने शीव्हच्या कडेपासून पाचही दोरांवरून एक सरळ रेघ ओढली. मग स्विच चढवून लिफ्ट खाली-वर, खाली-वर दहा-बारा वेळा फिरवली. पुन्हा चौथ्यावर आणून थांबवली, स्विच पाडला, म्हणाले, "या, आता बघा." दोरांवरच्या पाच खुणा एका ओळीत, जिथल्या तिथे. शीव्हवरची खूण मात्र त्यांच्यापासून तीन बोटं लांब गेलेली.

"काका, लिफ्ट तर बरोबर मजल्यावर आहे," मी म्हटलं.

"लिफ्ट बरोबरच असणार, ती दोराला बांधलेली आहे," ते म्हणाले. "चाकाला थोडीच बांधली आहे?"

निरोगी मशीनमध्येही दोर खाचेत असा हळूहळू रेंगाळतो, कारण दोन बाजूंची ओढ सारखी नसते. सरकण्याचं प्रमाण अचानक वाढलं तरच खाचा झिजल्या असं समजायचं. ड्रमवर हीच रेघ ओढली असती तर दहा फेऱ्यांनंतरही जशीच्या तशी जुळली असती.

यातून आणखी एक खूण हाती लागते, आणि ती मला सगळ्यांत सुंदर वाटते. ड्रमला केबिन कुठे आहे ते कायम ठाऊक असतं: इतके फेरे म्हणजे अमुक मजला. म्हणून ड्रम मशीनच्या दांड्यावरच आटे पाडून त्यावर सरकणारा नट बसवलेला असतो. केबिन वर-खाली जाते तसा तो डावी-उजवीकडे चालतो आणि टोकाला पोचला की कळ दाबून मशीन बंद करतो. संपूर्ण इमारतीची उंची वीतभर आट्यांत उतरवलेली! ट्रॅक्शनमध्ये शीव्हचे फेरे मोजून उपयोग नाही. म्हणून जुन्या मोठ्या ट्रॅक्शन लिफ्टमध्ये मजला ओळखणाऱ्या सिलेक्टरला थेट केबिनला जोडलेली पोलादी पट्टी फिरवते. मशीनशेजारी अशी पट्टी खालून येताना दिसली तर ट्रॅक्शन. दांड्यावर चालणारा नट दिसला तर ड्रम.

आता फसवणाऱ्या खुणा. काउंटरवेट दिसलं म्हणून ट्रॅक्शन म्हणू नका. ड्रम मशीनलाही काउंटरवेट असतं. त्याचे दोर ड्रमवर उलट्या बाजूने गुंडाळलेले असतात, केबिनचे दोर चढतात तसे हे सुटतात. मशीन तळघरात आहे म्हणून ड्रम, हेही खरं नाही; दोन्ही तळघरात बसवता येतात. ड्रम आजही जिवंत आहे, हेही लक्षात असू द्या. छोट्या घरगुती लिफ्टमध्ये, बांधकामावरच्या विंचमध्ये तो रोज काम करतो.

सगळ्यांत जास्त चकवते ती रुंदी. ड्रम पखवाजासारखा आडवा, शीव्ह गाडीच्या चाकासारखा अरुंद, असं म्हणतात आणि ते सहसा बरोबर असतं. पण दोन-तीन मजल्यांच्या लिफ्टचा ड्रम इतका आखूड असू शकतो की तो शीव्ह वाटावा. उलट गिअर नसलेल्या मोठ्या ट्रॅक्शन मशीनमध्ये पकड वाढवायला दोर शीव्हवरून खालच्या दुसऱ्या चाकाला वळसा घालून पुन्हा शीव्हवर आणतात. सहा दोरांना बारा खाचा लागतात, आणि चाक पार ड्रमसारखं रुंद दिसतं. अशा वेळी खाच निरखून बघा. ड्रमवर ती मळसूत्रासारखी तिरकी चढत जाते आणि दोर फिरताना आडवा सरकत जातो. शीव्हवर प्रत्येक खाच स्वतंत्र, बंद वर्तुळ असते आणि दोर आपली जागा सोडत नाही. मशीन थांबलेलं असताना, टॉर्च तिरपा धरून, हात मागे ठेवून.