विषाणू विस्कटण्याआधीच त्याचं चित्र

क्ष-किरणांनी एकट्या विषाणूचं चित्र काढायचं, तर किरण क्षीण असले की काही दिसत नाही आणि प्रखर केले की विषाणूच उरत नाही. हे किरण अणूंमधले इलेक्ट्रॉन उखडून काढतात आणि रेणूची घडी मोडते. त्यामुळे कित्येक दशकं सगळी भिस्त प्रथिनांच्या स्फटिकांवर होती. स्फटिकात असंख्य एकसारखे रेणू शिस्तीत बसलेले असतात, त्यामुळे किरणांचा मारा वाटला जातो. पण पेशीच्या पटलात रुतलेल्या प्रथिनांचे मोठे स्फटिक बनवणं महाकठीण.

2000 साली नॉयट्झे, हायदू या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर गणित मांडून दाखवलं की नासधूस टाळायची गरजच नाही, तिच्याआधी काम उरकलं की झालं! अणू जागचे हलायलाही काही फेम्टोसेकंद लागतात. (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग.) क्ष-किरणांचा झोत त्याहून कमी वेळाचा असेल, तर कण फुटेपर्यंत विखुरलेल्या किरणांची नक्षी डिटेक्टरवर उमटलेली असते. तिच्यावरून संगणक मूळ आकार शोधून काढतो.

असे झोत देणारं लेसर 2009 मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डजवळ सुरू झालं. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन तिथे चुंबकांच्या लांबलचक रांगेतून नागमोडी नेले जातात आणि त्यातून क्ष-किरण निघतात. दोनच वर्षांत या किरणांनी मिमिव्हायरस टिपला. हा विषाणू इतका मोठा, की सुरुवातीला तो जिवाणूच समजला गेला होता. त्याच वर्षी प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या एका पटल-प्रथिनाचे अतिसूक्ष्म स्फटिक द्रवाच्या बारीक धारेतून झोतासमोर सोडले गेले. तीस लाखांहून जास्त नक्षी गोळा झाल्या, त्यातल्या हजारोच कामी आल्या. तरीही त्यांतून प्रथिनाची रचना उभी राहिली.

एकट्या विषाणूचा अणू न् अणू दिसावा, हे मूळ स्वप्न अजून पुरं झालेलं नाही. स्थिर रचनांच्या बाबतीत गोठवलेल्या नमुन्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकी बरीच पुढे गेली आहे. माझ्या मते या लेसरचं खरं बळ हालचाल पकडण्यात आहे. वनस्पतींमधलं ‘प्रकाशप्रणाली 2’ हे प्रथिन पाण्यातून ऑक्सिजन मोकळा करतं. त्याच्यावर आधी साध्या प्रकाशाचे झोत टाकायचे, मग नेमक्या क्षणी क्ष-किरणांचा. तेही सर्वसाधारण तापमानाला, न गोठवता. असं करत मँगनीजच्या चार अणूंभोवती चालणारी ही अभिक्रिया शास्त्रज्ञ आता एकेका पायरीने पाहू लागले आहेत.