संगणक क्षेत्रातील प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रे : प्रवेश घेण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

हे माहितीपत्रक प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी सावकाश वाचावे, अशी आमची विनंती आहे. आमची संस्था लहान असून प्रशिक्षण देणे हाच तिचा व्यवसाय आहे. त्यामुळे आमच्या सल्ल्यात आमचा स्वार्थ असू शकतो, हे गृहीत धरूनच तो वाचावा. सर्वाधिक मागणी कोणत्या कोर्सला आहे, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. मात्र कोणते काम करायचे हे ठरलेले नसेल, तर कोर्सची निवड केवळ जाहिरातीच्या भरवशावर होते आणि वर्षभराने कागद हाती येऊनही त्याचा उपयोग कुठे करावा हे उमगत नाही. म्हणून आधी काम, त्यानंतर त्या कामासाठी मागितली जाणारी पात्रता आणि सर्वांत शेवटी प्रशिक्षण, हा क्रम पाळावा.

प्रशिक्षण वेगळे, परीक्षा वेगळी

क्लास पूर्ण केल्यावर संस्था जे प्रमाणपत्र देते, त्यावरून आपण तो अभ्यासक्रम पूर्ण केला एवढेच कळते. सिस्को (नेटवर्कची उपकरणे बनवणारी कंपनी), मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर आधारित सॉफ्टवेअर देणारी कंपनी) किंवा कॉम्पटिया (संगणक क्षेत्रातील प्रमाणपत्रे देणारी संस्था) यांची प्रमाणपत्रे मात्र त्यांनीच ठरवलेली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळतात, आणि ही परीक्षा शिकवणारी संस्था घेत नाही. ती पिअर्सन व्ह्यूसारख्या स्वतंत्र परीक्षा केंद्रांमार्फत किंवा कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थेतून होते. सिस्कोच्या सीसीएनए (नेटवर्किंगची परीक्षा) किंवा कॉम्पटियाच्या ए प्लस (संगणक देखभालीची परीक्षा) परीक्षेला बसण्यासाठी कोणताही क्लास केलेला असण्याची अट नाही. आपण घरी अभ्यास करून थेट परीक्षा देऊ शकता. प्रशिक्षणाची फी आणि परीक्षेची फी या दोन वेगळ्या रकमा आहेत, हेही अनेकांना प्रवेश घेतल्यानंतर कळते. तेव्हा सांगितलेल्या रकमेत परीक्षेची फी धरली आहे का, हे आधीच लेखी विचारून घ्यावे.

प्रत्येक परीक्षेचा सविस्तर सिलॅबस ती घेणारी कंपनी आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य देते. अनेक सिलॅबसमध्ये कोणत्या विषयाला किती टक्के भार आहे, हेही दिलेले असते. कोणत्याही क्लासचे माहितीपत्रक, अर्थात आमचेही, या सिलॅबसशेजारी ठेवून वाचावे, म्हणजे काय शिकवले जाणार आहे आणि काय गाळले आहे ते लगेच दिसते.

काम कोणते, त्यावर पात्रता ठरते

आपल्याला ज्या पदावर काम करायचे आहे, त्या पदाच्या नोकरीच्या आठ-दहा जाहिराती गोळा कराव्यात आणि त्यांत वारंवार येणाऱ्या कौशल्यांखाली रेघ मारावी. "आवश्यक" आणि "असल्यास प्राधान्य" या दोन शब्दप्रयोगांतला फरक नीट पाहावा. ही साधी कृती अर्ध्या दिवसात होते आणि आमच्या अनुभवात समुपदेशनाच्या तासाभराच्या बैठकीपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

संगणकाची देखभाल, वापरकर्त्यांना साहाय्य आणि हेल्पडेस्क ही कामे करायची असतील, तर ए प्लस हा रूढ प्रारंभबिंदू आहे. त्यासाठी दोन परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्येकीत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटांचा असतो. नेटवर्किंगकडे जाणाऱ्यांसाठी सीसीएनए अधिक उपयोगी पडते, कारण आयपी पत्त्यांची (नेटवर्कवरील उपकरणांना दिलेल्या क्रमांकांची) विभागणी, राउटिंग (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात माहिती नेणे) आणि स्विचिंग (एकाच नेटवर्कमध्ये ती पोहोचवणे) हे विषय त्या अभ्यासात खरोखर कसून घ्यावे लागतात. लिनक्स सर्व्हर सांभाळायचे असतील, तर रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा पाहावी. तिच्यात पर्याय निवडायचे नसतात. चालू संगणकावर दिलेली कामे प्रत्यक्ष करून दाखवावी लागतात, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही केलेली मांडणी टिकली पाहिजे, अशी अपेक्षा असते. कमांड पाठ करून ही परीक्षा देता येत नाही आणि म्हणूनच आम्ही तिला अधिक मान देतो. सॉफ्टवेअर टेस्टिंगसाठी आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय मंडळाची फाउंडेशन पातळीची परीक्षा सर्वत्र ओळखली जाते. ४० प्रश्नांपैकी २६ गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो. या क्षेत्राची परिभाषा तिच्यातून पक्की होते. टेस्टिंगचा हात मात्र त्यातून बसत नाही, तो सराव वेगळा करावा लागतो.

प्रोग्रामिंगच्या बाबतीत आमचे मत थोडे वेगळे आहे आणि त्यामुळे आमचे काही ग्राहक नाराजही होतात. प्रोग्रामरची निवड करताना मुलाखत घेणारे बहुधा प्रमाणपत्र पाहत नाहीत, ते कोड लिहायला सांगतात. एक भाषा चांगली येणे, डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडून ठेवण्याच्या रचना) समजणे, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत क्वेरी (माहिती मागणारी आज्ञा) लिहिता येणे, गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) वापरता येणे आणि स्वतः बांधलेले दोन-तीन प्रकल्प दाखवता येणे, या गोष्टींपुढे बहुतेक प्रमाणपत्रे फिकी पडतात. प्रकल्प लहान असला तरी चालतो. परंतु तो पूर्ण झालेला असावा, इतरांना चालवून पाहता यावा आणि त्यातली प्रत्येक ओळ का लिहिली हे आपल्याला सांगता यावे. क्लासमध्ये सर्वांनी मिळून केलेला एकच प्रकल्प वीस जणांच्या अर्जात दिसला, तर तो कोणाच्याच कामी येत नाही. ज्यांना प्रोग्रामिंगच करायचे आहे, त्यांनी आमच्याकडे प्रमाणपत्राच्या तयारीच्या बॅचऐवजी सरावाच्या बॅचला नाव नोंदवावे.

अनुभव मागणारी प्रमाणपत्रे

सायबर सुरक्षेची ओढ सध्या मोठी आहे. सीआयएसएसपी हे या क्षेत्रातील मानाचे प्रमाणपत्र आहे. परंतु त्यासाठी परीक्षेखेरीज ठरवून दिलेल्या आठ विषयक्षेत्रांपैकी किमान दोन क्षेत्रांतील एकूण पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. संबंधित पदवी किंवा मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असल्यास त्यातून एक वर्ष वजा होते. अनुभव नसताना परीक्षा उत्तीर्ण झाल्यास "असोसिएट" हा दर्जा मिळतो आणि अनुभव पुरा करण्यासाठी सहा वर्षांची मुदत दिली जाते. नुकतेच शिक्षण संपवलेल्या उमेदवाराला "सहा महिन्यांत सीआयएसएसपी" असे आश्वासन कोणी देत असेल, तर यातला कोणता भाग सांगायचा राहिला आहे हे वाचकांच्या लक्षात येईलच. सुरुवात करणाऱ्यांनी आधी नेटवर्किंग आणि लिनक्सवर हात बसवावा आणि मग कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लसचा विचार करावा. ज्या प्रणालीचे रक्षण करायचे, ती चालते कशी हेच ठाऊक नसेल, तर सुरक्षेचा अभ्यास नुसत्या व्याख्यांचा होतो.

मुदत आणि बंद होणारी प्रमाणपत्रे

बहुतेक प्रमाणपत्रे कायमची नसतात. सीसीएनए, ए प्लस, आरएचसीएसए आणि अ‍ॅमेझॉनची क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारी संगणक सेवा) प्रमाणपत्रे यांची मुदत तीन वर्षांची असते. मायक्रोसॉफ्टच्या असोसिएट पातळीच्या प्रमाणपत्रांचे दरवर्षी ऑनलाइन नूतनीकरण करावे लागते. त्याला वेगळी फी पडत नाही, पण तारीख विसरली तर संपूर्ण परीक्षा पुन्हा द्यावी लागते. आयएसटीक्यूबीची फाउंडेशन परीक्षा याला अपवाद आहे, तिला मुदत नाही.

परीक्षा बदलतात, तशा त्या बंदही होतात. १९९०च्या दशकात नॉव्हेल या कंपनीच्या नेटवेअर या नेटवर्क चालवणाऱ्या प्रणालीवरील प्रमाणपत्राला मोठी किंमत होती. विंडोज सर्व्हरने ती बाजारपेठ घेतली आणि प्रमाणपत्राचे मोलही उतरले. पुढे मायक्रोसॉफ्टचे एमसीएसई अनेक वर्षे परवलीचे नाव होते, परंतु ३१ जानेवारी २०२१ रोजी तेही निवृत्त झाले आणि कंपनीने पदानुसार आखलेली नवी प्रमाणपत्रे पुढे आणली. सिस्कोने फेब्रुवारी २०२० मध्ये सीसीएनएच्या वेगवेगळ्या शाखा एकत्र करून एकच परीक्षा ठेवली. म्हणून प्रवेश घेताना परीक्षेचा क्रमांक आणि आवृत्ती विचारावी, आणि आपला अभ्यास संपण्याआधी ती बदलणार आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. जुनी पुस्तके स्वस्तात मिळतात, ती बहुधा याच कारणाने.

याउलट, ज्यांच्यावर हे सारे उभे आहे ती तत्त्वे फार सावकाश बदलतात. डेटाबेसचे रिलेशनल प्रतिरूप (माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत मांडण्याची पद्धत) संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडले आणि आजचे एसक्यूएल त्यावरच चालते. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटने टीसीपी-आयपी हे संगणकांमधील देवाणघेवाणीचे नियम स्वीकारले ते १ जानेवारी १९८३ रोजी. पदवी अभ्यासक्रमात शिकवले जाणारे अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क हे विषय कंटाळवाणे वाटले, तरी त्यांना नूतनीकरणाची गरज पडत नाही. पदवी घेण्याची संधी असेल, तर केवळ प्रमाणपत्रांसाठी ती सोडावी असे आम्ही कोणालाही सुचवत नाही. ज्यांची पदवी दुसऱ्या शाखेची आहे, त्यांनी हेच विषय स्वतंत्रपणे वाचावेत. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा प्रास्ताविक अभ्यासक्रम ऑनलाइन विनामूल्य उपलब्ध आहे.

सराव आणि उत्तरांचे संच

सरावासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरवर एकाच संगणकात दोन-तीन आभासी यंत्रे चालवता येतात, सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कच्या सरावाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि पोस्टग्रेएसक्यूएलसारखा परिपूर्ण डेटाबेसही फुकट आहे. मात्र परीक्षेतील खरे प्रश्न फोडून विकले जाणारे उत्तरांचे संच आम्ही देत नाही आणि वापरूही देत नाही. ते वापरल्याचे आढळल्यास परीक्षा घेणारी कंपनी प्रमाणपत्र रद्द करू शकते आणि पुढील परीक्षांना बंदी घालू शकते. शिवाय मुलाखतीतला दुसराच प्रश्न त्या संचात नसतो.

आम्हाला काय विचारावे

शिकवणाऱ्या व्यक्तीने ते काम स्वतः केले आहे का, बॅचमध्ये किती जण असतील, एकूण तासांपैकी प्रत्यक्ष सरावाचे किती, अध्यापक मध्येच बदलल्यास काय, आणि प्रवेश रद्द केल्यास फी कोणत्या नियमाने परत मिळते, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. उत्तरे लेखी मागावीत. नोकरीची हमी आम्ही देत नाही. अन्यत्र ती दिली जात असेल, तर करारपत्रातील त्या कलमाच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात. पहिल्या भेटीला येताना रेघा मारलेल्या जाहिराती, निवडलेल्या परीक्षेचा अधिकृत सिलॅबस आणि आठवड्यातून अभ्यासाला खरोखर किती तास देता येतील याचा अंदाज सोबत आणावा. ही भेट विनामूल्य असून, आपल्याला क्लासची गरज नाही असे आम्हाला वाटल्यास आम्ही त्याच भेटीत तसे सांगतो.