बाळ नाही, तरी पान्हा

माझ्या भावाचं बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं. भाऊ मुंबईला नोकरीला. रात्रीच्या गाडीने चिपळूणला उतरला, तोवर वहिनीची सुटका झाली होती. आईने अळिवाचे लाडू आधीच करून ठेवले होते; तो डबा तिने मुकाट्याने माळ्यावर टाकला.

तिसऱ्या दिवशी वहिनीचा ब्लाऊज पुढून ओला झाला. छाती दगडासारखी दाटली होती. भावाला म्हणाली, "अहो, दूध येतंय. आता कुणाला पाजू?" घरी सोडताना दवाखान्यात याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्याचा राग मला अजून आहे.

दूध सुरू व्हायला बाळाचं तोंड लागतंच असं नाही. पाचव्या महिन्याच्या आसपास स्तनांत चीक तयार होऊ लागतो. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून येतं आणि गरोदरपणात भरपूर वाढतं. तरीही दूध उतरत नाही, कारण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन त्याला अडवून धरतं. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं, अडसर निघतो आणि दोन-तीन दिवसांत दूध दाटून येतं. बाळ रडलं की नाही, हे या साखळीत कुठेच विचारलं जात नाही. म्हणूनच पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळ गेलं तरी पान्हा फुटू शकतो. जगात दरवर्षी सुमारे १९ लाख बाळं अठ्ठावीस आठवड्यांनंतर मृत जन्मतात. त्यांच्या आयांच्या वाट्याला हेही येतं.

थांबतंही ते स्वतःहून. दूध साचून राहिलं की त्याचाच दाब पेशींना काम आवरायला लावतो. म्हणून पूर्ण पिळून काढायचं नाही. ठणका कमी होईल इतकंच काढायचं. शेजारच्या काकींनी मायेने पंचा करकचून बांधला होता, त्याने दुखणं वाढलंच. मग भाऊ रात्री उठून गार पाण्याच्या घड्या ठेवू लागला. अकराव्या दिवशी ब्लाऊज कोरडा राहिला, आणि त्या दिवशी वहिनी जास्त रडली.

दक्षिण भारतात अशा बाईच्या छातीवर मोगऱ्याचे गजरे बांधायची जुनी रीत आहे. डॉक्टरांनी ती ब्रोमोक्रिप्टिन या दूध आटवणाऱ्या औषधाशी ताडून पाहिली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मोगऱ्यानेही दूध कमी झालेलं दिसलं. आमच्या अंगणात मोगऱ्याची तीन झाडं आहेत. कुणाला ठाऊकच नव्हतं.

आज डॉक्टर बहुधा कॅबरगोलिनची गोळी देतात. रक्तदाब वाढलेला असेल तर ती चालत नाही, म्हणून आपल्या मनाने घेऊ नये. छाती लाल होऊन ताप आला तर थांबू नये, दवाखाना गाठावा. काही आयांना मात्र दूध आटवायचंच नसतं. जगात अनेक ठिकाणी अशा आया आपलं दूध दूधपेढीला, म्हणजे गरजू बाळांसाठी आईचं दूध साठवणाऱ्या केंद्राला देतात. आपल्याकडची पहिली दूधपेढी १९८९ साली मुंबईत शीवच्या रुग्णालयात सुरू झाली.

गोळी घ्यायची तर पहिल्याच दिवशी, दूध उतरायच्या आधी घेतलेली बरी. त्यामुळे सुटका झाल्यावर त्याच दिवशी नवरा-बायको दोघांना जवळ बसवून हे सगळं सांगायला हवं.